डावी पट्टी: ठीक

जावयाने जेवणाच्या टेबलाखाली दोन पेडल स्क्रू मारून पक्की बसवली होती, आणि तेव्हापासून त्या घरात कुणालाच पाय लांब करून जेवता येत नव्हतं. टेबलावर डाव्या हाताला थ्रॉटल, उजव्या हाताला स्टिक, समोर तीन स्क्रीन आणि मधल्या खुर्चीत हे महाराज बसलेले. कानावर हेडफोन आणि अंगात घरातली अर्धी चड्डी. सासरेबुवा रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागे उभे राहायचे आणि चहा संपेपर्यंत मनसोक्त नाक मुरडायचे.

त्यांना तो हक्क होता. हवाई दलात फिटर म्हणून त्यांनी चोवीस वर्षं लढाऊ विमानांच्या पोटाखाली उताणं पडून काढली होती. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आले होते. एक डोळा झाला होता, दुसरा तीन आठवड्यांनी व्हायचा होता. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. डोळ्यांत थेंब घालावेत तर त्यानेच, एक थेंब गालावर यायचा नाही. तेवढं एक काम त्याला येतं हे म्हाताऱ्याला मान्य होतं. बाकी आनंदच होता.

दिवसभर लोकांना "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" म्हणणारा हा माणूस दुकानाबाहेर "नऊजी" व्हायचा. कॉम्प्युटरवर विमान उडवण्याच्या त्या खेळाचा इंटरनेटवर एक फोरम होता आणि तिथे त्याने हे नाव घेतलं होतं. जोराच्या वळणात वैमानिकाच्या अंगावर त्याच्याच वजनाच्या नऊपट भार पडतो, त्याला नऊ जी म्हणतात. घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढला तर ह्या नऊजीला बायकोने खालून धरावं लागायचं. पण फोरमवर तो मॉडरेटर होता. कुणाचं लिहिणं ठेवायचं आणि कुणाचं उडवायचं हे त्याच्या हातात होतं.

त्याच्या हाताखाली चारशे जण होते. दातांचे डॉक्टर, विम्याचे एजंट, एक ग्रंथपाल, दोन वकील. त्यांच्यापैकी एकानेही खऱ्या विमानाला बोट लावलेलं नव्हतं आणि एकालाही त्याची लाज नव्हती. गेले पाच महिने ही सगळी शहाणी मंडळी एकाच गोष्टीवर एकमेकांच्या उरावर बसली होती. एक जुनं लढाऊ विमान ह्या खेळात सेकंदाला अठरा अंश वळायचं. खरं विमान अठरा वळायचं की सोळा, हा प्रश्न होता. दोन अंशांसाठी लोकांनी एकमेकांची अक्कल काढली होती, शिक्षण काढलं होतं, एकाने तर एकाच्या आईपर्यंत मजल मारली होती.

त्या विमानाला म्हाताऱ्याच्या तळावर सगळे भिंगरी म्हणायचे. म्हाताऱ्याने तिची अकरा वर्षं सेवा केली होती.

"जावईबापू," एकदा त्याने विचारलं, "तुमच्या ह्या चारशे जणांवर खरंच नऊ जी बसले तर काय होईल?"

"काय होईल, बाबा?"

"चारशे चड्ड्या धुवाव्या लागतील."

लेक स्वयंपाकघरातून खो-खो हसली. जावई हसला नाही. "बाबा, आम्ही डेटावर बोलतो," तो म्हणाला. "तिथे नियमच आहे. कागद दाखवा, नाहीतर गप्प बसा."

म्हाताऱ्याला ह्या वाक्याचा विशेष संताप यायचा. ह्यांची भिंगरी कधी गळायची नाही. थंडीत सुरू होताना कुरकुरायची नाही. तिची नळी कधी फुटायची नाही आणि चाक कधी अडकायचं नाही. खेळात वैमानिक होते, शत्रू होते, ढगसुद्धा होते, फक्त विमान दुरुस्त करणारा माणूस कुठेच नव्हता. असल्या विमानाच्या खरेपणावर वाद घालणाऱ्यांची कीव करावी की कान उपटावेत हे त्याला ठरवता येत नसे. बहुतेक वेळा तो दुसरा चहा मागायचा.

एका रविवारी सकाळी मात्र जावई खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "बाबा, सापडलं! संपला विषय!"

त्याला एका अपघाताचा चौकशी अहवाल सापडला होता. तीस वर्षं उलटल्यामुळे आता तो सगळ्यांना वाचायला खुला झाला होता. बासष्ट पानं होती. दोन भिंगऱ्या सराव करत होत्या, एकीने कमी उंचीवर डावीकडे आवळून वळण घेतलं, ती पलटली आणि जमिनीत घुसली. वैमानिक जागीच गेला. जावयाने निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवला. यंत्रात दोष आढळला नाही. वैमानिकाने मर्यादेबाहेर वळण घेतले.

"बघा! अठराला गेली की पडते. म्हणजे सोळाच खरं," जावई म्हणाला. "उद्या सोमवारी हे खेळ बनवणाऱ्या कंपनीला पाठवतो. पुढच्या अपडेटमध्ये तिचं वळण कमी करतील." मग फोरमवरचे शेरे वाचत तो हसायला लागला. "हा दातवाला डॉक्टर बघा काय लिहितोय. 'गाढवाने ओढ ओढ ओढलं आणि मेला. अशाला सायकलसुद्धा देऊ नये.' ऐंशी जणांना आवडलंय."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला.

अहवालात वैमानिकाचं नाव नव्हतं. म्हाताऱ्याला त्याची गरजही नव्हती. तो लंबू होता. इतका उंच की भिंगरीत बसताना त्याला गुडघे छातीशी घ्यावे लागायचे, आणि पट्टे आवळताना म्हातारा दर वेळी म्हणायचा, "साहेब, पुढच्या जन्मी मालवाहू विमान घ्या." त्या सकाळीही म्हणाला होता. पट्टे त्यानेच आवळले होते.

आणि पंखाची पट्टीही त्यानेच तपासली होती. भिंगरीच्या दोन्ही पंखांच्या पुढच्या काठाला एकेक लांब पट्टी असायची. जोराचं वळण घेतलं की ह्या पट्ट्या हवेच्या ओढीने आपोआप पुढे सरकायच्या आणि पंखांना आधार द्यायच्या. दोन्ही सरकल्या तर भिंगरी अठरा काय, एकोणीस अंशही वळायची, म्हाताऱ्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. एकच सरकली तर मात्र देवही वाचवू शकत नाही. त्या दिवशी डावी पट्टी ज्यावरून सरकायची तो रोलर झिजलेला होता. भांडारात नवा नव्हता, यायला चार दिवस लागणार होते. म्हाताऱ्याने ग्रीस चोपडलं, पट्टी हाताने दोनदा मागेपुढे केली, ती सरकली, आणि त्याने तक्त्यात 'ठीक' लिहून सही ठोकली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. चार दिवस विमान जमिनीवर उभं राहिलं असतं, एवढंच झालं असतं.

विमान जळून कोळसा झालं, पट्टीचा पत्ता लागला नाही. चौकशीत साहेबांनी विचारलं, "पट्टीत काही खोट होती?" आणि तो म्हणाला, "नाही, साहेब." एकतीस वर्षं तो हे दोन शब्द घेऊन जगत होता.

दुपारपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली. भुंकू देत. कोण कुठले हे दात काढणारे आणि विमा विकणारे, त्यांनी लंबूला गाढव म्हटल्याने लंबूचं काय जातंय? पण उद्या सोमवार होता. उद्या हे खेळात उतरलं की जगातलं प्रत्येक पोर भिंगरी घेऊन वळणार आणि भिंगरी त्याला सांगणार की लंबू चुकला. एका खेळण्यासाठी आपला जीव असा खालीवर व्हावा ह्याची म्हाताऱ्याला चीड आली. त्याहून जास्त लाज वाटली, कारण एकतीस वर्षांत लंबूसाठी एकदाही असा खालीवर झाला नव्हता.

जेवताना त्याने सांगून टाकलं. रोलर, ग्रीस, सही, "नाही साहेब", सगळं. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही, एखाद्या विमानाची तक्रार नोंदवावी तसं सांगितलं.

लेकीचा घास हातातच राहिला. "लंबूकाका?" ती म्हणाली. "मला खांद्यावर घेऊन फिरायचे ते? म्हणून तुम्ही काकूंकडे जायचं सोडलंत?"

"हो."

"मी दहादा विचारलं होतं तुम्हाला."

तिने ताट उचललं आणि ती आत गेली.

जावई मात्र वेगळ्याच विचारात होता. कपाळाला आठ्या घालून तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि अहवालाची पानं भराभर सरकवू लागला. म्हाताऱ्याला वाटलं, आता हा दोन शब्द बोलेल, निदान रागावेल तरी.

"बाबा, हे बघा," जावई म्हणाला. "परिशिष्ट तीन, त्या सकाळच्या तपासणीचा तक्ता. 'डावी पट्टी: ठीक.' खाली फिटरची सही."

"ती माझीच सही आहे. तेच तर सांगतोय."

"हो, पण मग कागदावर ठीकच आहे ना."

"अहो, मी खोटं लिहिलं होतं!"

"तसं कुठे लिहिलंय का?"

जावई थट्टा करत नव्हता. उलट फार समजूतदार आवाजात बोलत होता, एखाद्या गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं सांगावं तसा. "चौकशी करणारे तज्ज्ञ होते, बाबा. त्यांनी सगळं तपासलं. तुम्हाला त्रास झालाय, माणूस जवळचा होता. अशा वेळी मन स्वतःला दोष देतं. वय पण झालंय."

"माझ्या डोळ्याला मोतीबिंदू झालाय, डोक्याला नाही," म्हातारा कडाडला. "मी लिहून देतो. माझ्या हवाई दलातल्या नंबरासकट, सहीसकट. टाका तुमच्या फोरमवर. कागद पाहिजे ना? घ्या कागद!"

त्याने लिहिलं. ऑपरेशन झालेला डोळा चोळू नये म्हणून दुसरा हात मांडीखाली दाबून, अक्षर मोठं काढत, दीड पान लिहिलं. पट्टीतला दोष मला ठाऊक होता. मी खोटी नोंद केली. वैमानिक बरोबर होता. खाली सही केली, तीच, एकतीस वर्षांपूर्वीची, शेवटी खाली ओढलेली रेघ असलेली. जावयाने नाखुशीने फोटो काढला आणि फोरमवर चढवला. मान द्यायला हवा म्हणून चढवला, पटलं म्हणून नाही.

दहा मिनिटांत चारशे शहाणे जागे झाले. कुणी विचारलं, हा म्हातारा खरा कशावरून? कुणी म्हणालं, अठरावाल्यांनी भाड्याने आणलाय. मग त्या ग्रंथपालाने दोन्ही सह्या शेजारी शेजारी लावल्या, मोठ्या केल्या, आणि जाहीर केलं की माणूस तोच. असल्या लोकांच्या निकालाची आपण वाट बघतोय हे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं आणि तरीही तो खुर्ची ओढून स्क्रीनच्या जवळ सरकला.

तेव्हा दातांच्या डॉक्टरने लिहिलं. जावयाने ते मोठ्याने वाचलं नाही, पण म्हाताऱ्याच्या नव्या डोळ्याला ते स्वच्छ दिसलं.

'सही जुळते, मान्य. म्हणजे हा माणूस तेव्हा तरी खोटं बोलला, नाहीतर आत्ता बोलतोय. कसंही धरा, खोटारडाच. स्वतःची कातडी वाचवायला मेलेल्या माणसावर ढकललं आणि आता म्हातारपणी मन हलकं करायला आलाय. असल्या माणसाच्या शब्दावर आम्ही विमान का वळवायचं?'

दोनशे जणांना ते आवडलं. आकडा वाढत होता.

जावयाने हात माउसवर नेला. "बाबा, उडवतो मी हे. व्यक्तिगत टीका चालत नाही आपल्याकडे."

"राहू दे."

"अहो पण..."

"राहू दे म्हटलं ना," म्हातारा म्हणाला. "पाच महिन्यांत तुमच्या फोरमवर हे पहिलं खरं वाक्य आलंय."

तो उठून आत लेकीकडे गेला. ती भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि तो दारातच उभा राहिला.

सोमवारी अहवाल जोडून जावयाचा अर्ज कंपनीला गेला. पुढच्या महिन्यात अपडेट आलं. तेव्हापासून भिंगरी सोळाच अंश वळते, आणि त्याहून जास्त ओढलं की पलटते, जमिनीत घुसते, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं येतात: चूक वैमानिकाची.