काटे नसलेलं घड्याळ

दुरुस्तीवालीने थोरलीचा लॅपटॉप खिडकीकडे वळवला, चष्मा कपाळावर चढवला आणि मान तिरकी करून स्क्रीनकडे पाहिलं.

"काकू, हे पुसून जाणाऱ्यातलं नाही. कशाकशाने पुसलंत?"

"आधी ओल्या फडक्याने. मग कोरड्या."

"भांड्यांच्या साबणाने नाही ना?"

थोरलीने हातातलं फडकं पदराआड केलं.

"म्हणजे त्यानेही पुसलंत," असं म्हणून दुरुस्तीवालीने खुर्ची पुढे ओढली. चाळिशी उलटलेली, हाताने जलद आणि तोंडाने त्याहून जलद अशी ही बाई. तळमजल्यावर तिचं दुकान होतं. एरवी ती कुणाच्या घरी जात नसे, पण थोरलीचे गुडघे जिना उतरू देत नसत, म्हणून तिच्यापुरती ती वर येई.

स्क्रीनवर एक फॉर्म उघडा होता. पांढऱ्या कागदावर पाण्याचे ओघळ वाळावेत तसे राखाडी डाग त्याच्यामागे दिसत होते. इस्पितळाचा हा फॉर्म सकाळीच आला होता, भाच्याकडून. भाच्याची आई, म्हणजे थोरलीची धाकटी बहीण, पाच आठवडे दुसऱ्या गावी इस्पितळात होती. घरात पडून मांडीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, टाके सुकले, पण ती उठून उभी राहीना. सोमवारपर्यंत उभी राहिली नाही, तर तिला अंथरुणाला खिळलेल्यांच्या संस्थेत हलवायचं ठरलं होतं. तिथे गेलेलं माणूस परत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"मावशी, तूच तिला रोज कॅमेऱ्यात बघायचीस," भाचा लांबून फोनवर म्हणाला होता. "मी काय लिहिणार? तूच भर."

चौथा प्रश्न असा होता : पडण्यापूर्वी रुग्ण दिवसाचे किती तास बसून असे? थोरलीने पुढे लिहिलं होतं, 'फार नाही.' डॉक्टरांनाही तिने पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं. दिवसभर घरात हिंडत-फिरत असायची, मी बघत होते ना. त्यावर डॉक्टर म्हणाले होते, मग पाय बसून बसून गेलेले नाहीत, बाईंनी मनानेच सोडून दिलंय. वयाने होतं असं.

"आता मी याला स्वतःचाच फोटो काढायला लावते," दुरुस्तीवाली म्हणाली. तिने दोन बटणं दाबली, फोटो आपल्या मोबाइलवर घेतला आणि पुढे धरला. मोबाइलवर फॉर्म होता, स्वच्छ, धुतल्या तांदळासारखा. "बघा. डाग फोटोत आला नाही. म्हणजे रोग काचेत आहे, डोक्यात नाही."

"डॉक्टर असंच काहीसं म्हणाले होते. उलटं."

"कोण डॉक्टर?"

"काही नाही. तू तुझं बघ."

दुरुस्तीवालीने फॉर्म बाजूला सारला आणि सगळ्या स्क्रीनभर एकच राखाडी रंग पसरवला. मग दोघी पुढे वाकल्या.

राखाडीतून एक खोली वर आली. उजवीकडे गजांची खिडकी, तिच्याखाली पलंग. डावीकडे कपाट, त्याचं एक दार नीट न लागलेलं. मध्ये हातांची खुर्ची. रेषा इतक्या फिक्या होत्या की थेट बघितलं तर हरवत, आणि नजर जरा बाजूला केली की परत येत.

"एकच चित्र खूप दिवस लावून ठेवलं होतं का?"

"बहिणीच्या खोलीचा कॅमेरा. सकाळी सात ते रात्री नऊ. चौदा महिने."

"बाई गं. मग काय होणार! नऊ वर्षांचा म्हातारा आहे हा. एकच एक बघून त्यालाही तेच दिसायला लागलं. आणि मधे बंद होता?"

"पाच आठवडे. ती पडली त्या दिवशी मिटला, तो आज उघडला."

"तरीच. चालू असता तर थोडं पुसटलं असतं." दुरुस्तीवालीने बोट काचेजवळ नेलं. "पण हे घड्याळ बघा. तबकडी दिसते, आकडेसुद्धा दिसतात. काटे कुठे गेले?"

"काटे नसणारच. ते हलतात."

थोरलीने हे इतक्या सहज सांगितलं की दुरुस्तीवालीने वळून पाहिलं. चाळीस वर्षं थोरलीने फोटो स्टुडिओत काढली होती. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून दिवा, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने लोकांच्या डोळ्यांखालच्या वळ्या घालवायच्या. लोकांची वयं उतरवता उतरवता तिचं स्वतःचं चढत गेलं. त्या स्टुडिओत मालकांच्या टेबलामागे भर बाजाराच्या चौकाचा एक जुना फोटो होता. चौक ओसाड. माणूस नाही, गाडी नाही. फक्त पायरीवर झोपलेलं एक कुत्रं, अगदी स्पष्ट.

"आमचे मालक सांगायचे, फोटो काढला तेव्हा चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती," थोरली म्हणाली. "पण तेव्हा कॅमेऱ्याचं भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागे. जो हलला त्याची खूण राहत नाही. कुत्रं तेवढं राहिलं."

"झोपण्याचा एवढा फायदा मला आजवर कुणी सांगितला नव्हता," दुरुस्तीवाली हसली. मग ती हसायची थांबली. तिने स्क्रीन थोडी मागे कलती केली. "काकू, मग खुर्चीत हे कोण आहे?"

खुर्चीत कुणीतरी होतं. डोकं, खांदे, गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. चेहऱ्याच्या जागी नुसता फिका गोल होता, पण तो समोर बघत होता एवढं नक्की कळत होतं. पलंग जितका ठसठशीत होता तितकीच ती बसलेली आकृती.

"शाल असेल," थोरली म्हणाली. "खुर्चीवर टाकलेली."

दुरुस्तीवालीने आकृतीच्या हातांकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, मनात आलेलं बोलली नाही. तिने एक चित्रफीत लावली. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे रंग स्क्रीनवरून पाण्यासारखे धावू लागले.

"हे चालू राहू दे. याने काचेला जरा व्यायाम होतो, जुनं विसरते ती. जे ठसे जास्त मुरलेत ते शेवटी जातील. मी पाचला येते. आणि काकू, एकटक बघत बसू नका. डोळे दुखतील."

ती गेली. थोरलीने चहा केला आणि प्यायची विसरली.

रंग धावत होते. तिने कप दोन्ही हातांत धरला होता. अशीच एक दुपार होती. ती सतरा वर्षांची, नुकती कामाला लागलेली, आणि धाकटी सहाची. सुट्टीत धाकटीला सांभाळायला घरी कुणी नसे, म्हणून ती तिला स्टुडिओत घेऊन जाई. दिवे लावून बघायला कुणीतरी समोर बसायला लागे. धाकटी आनंदाने बसायची. "हलू नकोस हं चिमे. मी 'झालं' म्हणेपर्यंत." आणि चिमी हलत नसे. मालक म्हणायचे, ही पोर नाही, भिंत आहे.

त्या दुपारी मालकांनी तिला अंधाऱ्या खोलीत हाक मारली. एका लग्नाच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा घाईने धुवायच्या होत्या. दीड-दोन तासांनी ती बाहेर आली तेव्हा दिवे मालवलेले होते, शटर अर्धं खाली. काळोखात स्टुलावर चिमी ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर, डोळे कॅमेऱ्याच्या भिंगावर. फ्रॉक ओला झाला होता. ती रडत नव्हती.

"ताई, तू 'झालं' म्हणालीच नाहीस."

थोरलीने कप खाली ठेवला. बशीवर तो जरा जोरात आपटला.

कॅमेरा तिनेच पाठवला होता. दोघीही विधवा, एकट्या, दोन गावांत. धाकटीला एकदा घेरी आली, तेव्हापासून हिच्या जिवाला घोर. कॅमेऱ्यावर मुगाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा होता. बसवला त्या सकाळी ती फोनवर म्हणाली होती, "हिरवा दिवा लागला की समज मी बघतेय. खुर्चीत बस बघू. चौकटीत नीट येतेस का बघू दे. हां, अस्सं. हलू नकोस." तेवढ्यात दारावरची घंटा वाजली, दूध उतू गेलं, आणि फोन ठेवला गेला.

पुढे काय बोलली होती? तिने आठवून पाहिलं. दुधाचा करपट वास आठवला. शेगडी पुसल्याचं आठवलं.

त्यानंतर चौदा महिने ती ओट्यापाशी काम करता करता मान वळवायची. धाकटी दिसली की जीव भांड्यात पडायचा, आणि मग दुसरं काही बघायची गरजच उरायची नाही. दुपारी डबेवाली यायची, खुर्चीशेजारी डबा ठेवून जायची. रोज अकराला फोन. आणि रोज धाकटीचं तेच वाक्य, थोडं थट्टेचं, थोडं दमलेलं : "आहे की मी इथेच. दिसते ना तुला?"

धाकटी पडली त्या दिवशी दुपारी थोरलीच्या इमारतीतली वीज गेली. चाळीस मिनिटांनी आली तेव्हा स्क्रीनवर खुर्ची रिकामी होती, धाकटी खाली फरशीवर. म्हणजे तिकडचा हिरवा दिवा चाळीस मिनिटं विझलेला होता.

थोरलीने हात पुढे करून रंग थांबवले आणि राखाडी पान उघडलं. खिडकी गेली होती. कपाट गेलं होतं. घड्याळाच्या जागी काही नव्हतं. चौदा तास तिथेच असणारा पलंग, तोसुद्धा पुसला गेला होता. खुर्ची आणि खुर्चीतली ती मात्र तशीच होती. उलट भोवतीचं सगळं गेल्यामुळे जवळ आल्यासारखी वाटत होती.

तिने फॉर्म परत वर आणला. आकृती नेमकी चौथ्या प्रश्नामागे बसली होती. 'फार नाही' ही अक्षरं तिच्या छातीवर होती. थोरलीने ती एकेक करून पुसली आणि तिथे आकडा लिहिला. चौदा.

साडेतीनला इस्पितळातून फोन आला. व्यायाम घेणारी बाई रोज या वेळी खबर देई.

"आज उठून बसल्या," ती म्हणाली. "पण तेवढंच. बसतात हो अगदी ताठ, हात गुडघ्यांवर. पाय खाली सोडा म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतात. नजर दारावर."

"दारावर काय आहे?"

"काही नाही. वर ती धूर झाला की वाजणारी घंटी, तिचा दिवा आहे, बारीकसा. मी मध्ये उभी राहिले ना, तर मलाच म्हणतात, बाजूला हो गं, तिला मी दिसणार नाही."

"दिवा कसला आहे? रंग?"

"हिरवा. का हो?"

थोरलीने ओट्याची कड धरली.

"फोन तिच्या कानाला लाव."

"फोनवर त्या बोलत नाहीत, आजी. मुलाशीही बोलल्या नाहीत."

"तिला बोलायचं नाहीये. मला बोलायचंय. लाव."

खरखर झाली. मग श्वास ऐकू आला, बारीक, मोजून घेतलेला. फोटो काढताना माणसं घेतात तसा. साठ वर्षांपूर्वीचा आवाज थोरलीला कुठून तरी शोधून काढावा लागला.

"चिमे," ती म्हणाली. "झालं."

पलीकडचा श्वास थांबल्यासारखा वाटला.

"झालं गं. ऊठ आता."

मग पलंग कुरकुरला. काहीतरी धातूचं फरशीवर आपटलं, आणि लांबून त्या बाईचा आवाज आला, "अहो, थांबा, थांबा! आधार घ्या! माझा हात धरा, आजी—" आणि पाठोपाठ, अगदी फोनजवळ, धाकटीचा आवाज. धापा टाकणारा. रागावलेला.

"किती वेळ लावलास गं, ताई."

फोन बहुधा पलंगावरच राहिला. बोलणी, पावलं, कुणीतरी कुणालातरी हाक मारल्याचा आवाज येत राहिला. थोरली ऐकत होती. मग तिने ओले डोळे पदराने टिपले आणि फॉर्म बंद केला. त्याच्यामागे राखाडी पान होतं.

खुर्ची होती. रिकामी. बैठकीला मधोमध खोलगटपणा होता, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.