इस्त्रीच्या टेबलाचा गळा

लाँड्रीच्या खिडक्या उघडत नसत. धुतलेल्या चादरींवर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी त्या खिळे ठोकून कायमच्या बंद केल्या होत्या. आत नुसती वाफ, आणि वाफेत दोन टेबलं. भिंतीकडचं इस्त्रीचं, दाराकडचं चादरींच्या घड्यांचं. इस्त्रीचं टेबल रॉकचं, घड्यांचं रॅपचं. हे कुणी ठरवलं ते विचारायचं नाही. ज्या टेबलाला हात लागले, तिथला गाणारा आपला मानायचा.

भांडण रोजचं आणि गोडीचं. इस्त्रीवाले म्हणत, आमचा रॉकवाला एकच शब्द घेतो, पण असा पोटातून ओढतो की खोल विहिरीतून भरली घागर वर यावी. घड्यावाल्या म्हणत, घागर एकच ना? तेवढ्या वेळात आमचा रॅपवाला सगळ्या आळीला पाणी पाजून येतो. इस्त्रीवाले म्हणत, त्या बडबडीला गळा कशाला, जीभ पुरे. घड्यावाल्या म्हणत, श्वास कुठे घ्यावा हे कळायला डोकं लागतं, तुमचा तर फुटेपर्यंत थांबतच नाही.

निकाल शनिवारी. मोठी यंत्रं बंद झाली की दोन्हीकडून एकेक जण उभा राहायचा. बाकीच्यांनी हातातलं काम चालू ठेवायचं. ज्याचं ऐकून समोरच्या टेबलाचे हात थांबतील तो जिंकला, आणि पुढचा आठवडाभर लाँड्रीतला एकुलता स्पीकर त्याच्या टेबलाचा. वाद नाही, मतं नाहीत. तोंडाने नको, गळ्याने सांगा, एवढाच कायदा.

इस्त्रीच्या टेबलाचा गळा म्हणजे भोंगा. तो खरं तर इस्त्रीवाला नव्हे. धुलाईच्या यंत्रातून ओल्या चादरी उपसून गाडीवर घालायच्या, हे त्याचं काम. पायात पाणी, पाठीवर पाणी. कोणी त्याला हाक मारत नसे, कारण हाक मारावी असं काही नव्हतं. एकदा तो आपल्याच नादात वरचा सूर लावून बसला आणि वाफेची शिट्टी झाकून गेली. त्या दिवसापासून त्याला नाव मिळालं, टेबलापाशी स्टूल मिळालं, चहात वाटा मिळाला.

घड्यांच्या टेबलाचा गळा म्हणजे त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. तिला इथे त्यानेच चिकटवून दिलं होतं, आणि तीच दर शनिवारी त्याची सालटी काढायची. भावोजींचा गळा गेला, भावोजींचा गळा फाटला, टाके घाला कुणीतरी, अशी तिची ठरलेली यमकं. तोही हसायचा.

पण हल्ली सकाळी त्याचा आवाज उठेना. बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून डॉक्टरकडे मेहुणीच सोबत गेली. डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी धरल्यात. गप्प राहा. ओरडलात तर गाणं सोडा, बोलणंसुद्धा जाईल. परतताना दोघंही बोलली नाहीत. तो डॉक्टरचं ऐकून, ती त्याच्याकडे बघून.

त्याने टेबलाला सांगून पाहिलं. घसा धरलाय, म्हणाला. संध्याकाळपर्यंत स्टुलावर मध आला, खडीसाखर आली, गरम पाण्याची बाटली आली. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. इस्त्रीवाल्या काकांनी स्वतःचा मफलर काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. यंत्रांच्या आवाजाने काकांचा एक कान पुरता गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर.

"मला सगळं वाफेसारखं ऐकू येतं रे," ते म्हणाले. "तुझा तो वरचा सूर तेवढा लख्ख येतो. मी त्या शनिवारच्या आशेवरच उभा असतो."

मग काय सांगणार? घसा आतून धरला होता, आता बाहेरूनही बांधला गेला.

शनिवारी मेहुणी आधी उभी राहिली. मुद्दाम अडखळली, यमक सांडलं, श्वास चुकवला. इस्त्र्या खुशाल फिरत राहिल्या. भोंगा उठायच्या आत तिने चादर खाली टाकली, रिकामे हात वर केले आणि म्हणाली, हरलो आम्ही, वाजवा तुमचा रॉक. तिच्याच टेबलाने तिला शिव्या घातल्या. इस्त्रीवाले तर दुखावलेच. मेहुणी म्हणून सवलत देतेस होय, म्हणाले. काय झालं ते काकांच्या कानात ओरडून सांगावं लागलं. काकांनी मान हलवली. "फुकटचं नको. गळ्याने."

तेव्हा ती खरं बोलली. "त्यांचा गळा गेलाय. डॉक्टरने सांगितलंय."

सगळी लाँड्री हसली. हे तर आम्हाला पाठ आहे, नवीन काहीतरी आण, म्हणाले.

भोंग्याने दाराकडे पाहिलं. दार आणि तो यांच्यामध्ये चादरींच्या गाड्या होत्या, आणि गाड्यांपाशी त्याची माणसं. त्याने मफलर सैल केला.

सूर वर चढला. नेहमीच्या जागी पोचला, क्षणभर टेकला, आणि उभा चिरत गेला. धुवून धुवून जीर्ण झालेली चादर मधोमध फाटावी तसा. एकाचे दोन झाले, दोनाच्या चिंध्या. मग नुसता वारा.

घड्यांच्या टेबलावरचा एकूण एक हात थांबला होता. काका डोळे पुसत होते. मग जी ओरड उठली ती थांबेना. असा कधी लावला नव्हतास, कोणी म्हणालं. हा खरा रॉक, आतडं बाहेर आलं पाहिजे, दुसरं म्हणालं. बोला रॅपवाल्यांनो, आहे कुणाची टाप?

"लावला नाही," मेहुणी म्हणाली. "फुटला."

"त्यालाच विचार की. मुद्दाम केलंस ना रे भोंग्या?"

भोंग्याने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मान हलवली. हो.

सोमवारी त्याच्या तोंडातून नुसती हवा निघाली. टेबलाने त्याचा अर्थ लगेच लावला. गळा जपतोय, शनिवारसाठी. मग त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. चहा हवा का म्हटलं की टेबल सांगे, त्याला गरम पाणी. मुकादमाने काही विचारलं की उत्तर टेबलाने द्यायचं. वादही त्याच्या वतीने चालू झाला. भोंग्याचं म्हणणं असं, रॉकवालाच थोर. भोंग्याला रॅप सहनच होत नाही. खरं तर मेहुणीची यमकं तो कामात मनातल्या मनात घोळवायचा, पण आपली मतं ऐकत तो स्टुलावर बसून राहिला, ओले पाय एकमेकांवर ठेवून. स्पीकरवर कुणीतरी एकच शब्द ओढत होतं.

दुपारी मेहुणी घड्यांचा ढीग तसाच सोडून सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावोजी, यांना सांगा ना. नुसती मान हलवा, मी बोलते पुढचं."

त्याने मान वर केली. पण काकांनी हसत त्याचा मफलर नीट केला, गाठ घट्ट बसवली आणि त्याच्या खांद्यावरून तिला म्हणाले,

"त्याला छळू नकोस, पोरी. तो शनिवारी सांगेल."