काड्यापेटीएवढा तुकडा

"हे कुणाचं ताट, गो?" शेवंतीनं विचारलं.

"तुमचंच, आई," संपदा म्हणाली आणि कोरडाच तांब्या पुन्हा पुसायला लागली.

ताटात सुरमईचे चार तुकडे. शेवंतीनं ते हातात घेऊन परत ठेवले. चाळीस वर्षं उत्तनहून पाटी नेऊन मासळी विकलेला हात तो, त्याला तराजू लागत नाही. सुरमई पाव किलोच्या वरच भरली.

दोन वर्षांपूर्वी किडनीचं निघालं, तेव्हा हॉस्पिटलातल्या डाएटवालीनं बजावलं होतं, "डाळ पातळ. मासळी आठवड्यातून दोनदा, तीही काड्यापेटीएवढा तुकडा. यानं बरं होणार नाही मावशी, पण डायलिसिसचं मशीन लांबेल." त्या दिवसापासून शेवंतीनं जिभेला कुलूप घातलं. दिवसभर दुसऱ्यांच्या पिशव्या भरायच्या आणि घरी येऊन भात-दुधी गिळायचा. बेव्हर्ली पार्कातल्या एका गिऱ्हाईक बाईनं विचारलं होतं, "मावशी, तुम्ही खात नाही, मग ताजी आहे हे कसं सांगता?" शेवंती म्हणाली, "तोंड बंद हाय माझं, नाक न्हाय!"

"जितू, आज कसला सण?"

मुलानं मोबाइलमधून डोकं काढलं नाही. "सण कसला? रिपोर्ट चांगला आलाय ना. डॉक्टर बोलले, आता खाऊ दे."

काल रिक्षातही त्यानं हेच सांगितलं होतं. म्हणून तर आज सकाळी शेवंतीनं बाजारात कमरेवर हात ठेवून सगळ्या बायकांना ऐकवलं होतं, "पथ्य पाळायला जिगर लागतं, पोरींनो! बघा, रिपोर्ट सुधारला माझा."

पण काल हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी हंसाबेन बसली होती. तिनं आपलं डावं मनगट शेवंतीच्या हातात दिलं होतं. "देखो, मशीन के लिए नस जोडी है. पहले दाल भी नापके खाती थी. अब मशीन चालू, तो बोलते हैं डबल खाओ, पनीर खाओ. मशीन सब खींच लेती है ना!" मनगटाखाली काहीतरी थरथरत होतं.

शेवंतीनं आता उजवा तळवा स्वतःच्या डाव्या मनगटावर ठेवला. दोन महिन्यांपूर्वी तिथं छोटं ऑपरेशन झालं होतं. रक्त काढायला सोपं जाईल, असं जितू म्हणाला होता. कागद पुढं केला, तिनं न विचारता अंगठा उठवला. पोटच्या पोराला काय विचारायचं?

मनगट मासळी खाऊन बसलेल्या मांजरीसारखं घुरघुरत होतं.

"जित्या, अंगठा कशावर घेतलास माझा?"

मोबाइल खाली गेला. संपदाच्या हातातला तांब्या थांबला.

"आई, तू घाबरली असतीस..."

"मी? तुझा बाप गेला, तवा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाटी उचलली मी. तवा कोण घाबरलं?"

"डॉक्टर बोलले, तुझ्या पथ्यानंच दोन वर्षं निघाली. पण आता किडनी संपलीय. सोमवारपासून मशीन, आठवड्यातून तीनदा. मी सांगणारच होतो."

"कधी? सुई टोचल्यावर?" शेवंतीचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच जितूला भीती वाटली. "डॉक्टरला ठाऊक, मशीनवाल्याला ठाऊक, हिला ठाऊक. जिची किडनी, तिलाच न्हाय. आणि मी येडी, आख्ख्या बाजारात मिरवून आले."

"आई, तुझ्यासाठीच केलं गं..."

"किडनीचं वाईट न्हाय रं वाटत. ती थकली. तू तर..."



संपदानं हळूच ताटाला हात लावला. "ठेव," शेवंती म्हणाली. तिनं एका तुकड्याचा कोपरा बोटांनी तोडला. काड्यापेटीएवढा. कण जास्त नाही, कण कमी नाही. तो भातावर ठेवला आणि बाकीची सुरमई वाटीत काढून जितूसमोर सरकवली.

"मशीन सोमवारी ना? मग रविवारपर्यंत पथ्य हाय माझं."

ती काटे काढून सावकाश जेवली. डावा हात मांडीवर होता, घुरघुरत. जितूच्या समोर साडेतीन तुकडे गार होत गेले.