विरोध नाही

"तीनदा फोन गेलाय तुम्हाला, मिसेस ह्राबाक. तिन्ही वेळा कोणीतरी उचलला आणि आपटला," रोंडा म्हणाली.

बर्निसने मान खाली घातली. उचलणारी तीच, आपटणारीही तीच; घरात दुसरं होतंच कोण? रोंडा यंगस्टाउनच्या कोर्टात, गुन्ह्यात माणूस गमावलेल्यांची कामं बघायची. बर्निसची मुलगी डीना आइस्क्रीमच्या दुकानात उभी असताना ट्रॉय मेसरने तिला गोळी घातली, त्याला एकवीस वर्षं झाली. ती एकोणीसची, तो सोळाचा. वय कोवळं म्हणून कायद्याने त्याच्या सुटकेची सुनावणी दर काही वर्षांनी ठेवली. बर्निस दर खेपेला राज्याच्या राजधानीला, कोलंबसला, जाऊन सुटकेचा निर्णय घेणाऱ्या मंडळापुढे दहा मिनिटं बोलायची आणि मंडळ त्याला परत कोठडीत धाडायचं. लेकीसाठी करण्यासारखं तेवढंच काम तिला उरलं होतं.

"मशीनचा आवाज होता," बर्निस म्हणाली. "तुमचा चार आकडी नंबर दाबा, म्हणे."

"तोच आमचा फोन. सुनावणीची तारीख सांगणारा."

"अगं, पण चर्चच्या तळघरातल्या सभेत एक पोलीसच येऊन सांगून गेला ना," सोबत आलेली धाकटी बहीण अ‍ॅग्नेस म्हणाली. "फोनवर कुणी आकडे मागितले की खाली ठेवायचा. एका लबाडाने हिला फोनवरच लुबाडलं होतं, म्हणून मीच ओढत नेलं हिला तिथं."

दुधाने तोंड पोळलेली बर्निस तेव्हापासून ताकही फुंकून पीत होती. या वेळी मात्र ताक फुंकताना भांडंच कलंडलं.

"मग पत्र नाही पाठवायचं?" अ‍ॅग्नेसने विचारलं.

"पत्रं यांनीच बंद करायला सांगितली होती," रोंडा हळूच म्हणाली.

तेही खरंच होतं. सरकारी लिफाफा आला की नवरा, स्टॅन, आठवडाभर धड जेवत नसे. म्हणून बर्निसने सांगितलं, काय ते मला फोनवर कळवा. स्टॅन जाऊन सहा वर्षं झाली, पण पत्रं पुन्हा सुरू करायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

"मग परत बोलवा त्यांना. माझं सगळं तोंडपाठ आहे."

"निकाल लागलाय, मिसेस ह्राबाक. पुढच्या महिन्यात सुटतोय तो."

"काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

रोंडाने चष्मा पुसला, मग वाचलं. "मृताच्या कुटुंबातलं कोणी हजर नाही. विरोध नाही."

"एकवीस वर्षं विरोधच केला की मी," बर्निस म्हणाली. "दुसरं केलंय काय?"

तिला ट्रॉयचा राग येईना. राग येत होता तो फोन आपटणाऱ्या स्वतःच्या उजव्या हाताचा.

अ‍ॅग्नेस मुसमुसायला लागली. "माझ्यामुळे झालं गं."

"गप बस, अ‍ॅगी. तुलाही समजावत बसायची ताकद नाही माझ्यात आज."

रोंडाने एक कोरा अर्ज पुढे ठेवला. सुटल्यावर त्याने जिथे फिरकायचं नाही त्या जागा त्यात लिहायच्या होत्या. एवढं मात्र अजून करता येत होतं. एकूण बारा ओळी. बर्निसने घर लिहिलं, मग चर्च.

"दफनभूमी चालते?"

"चालते."

तिने तीही लिहिली. आइस्क्रीमच्या दुकानाचं टायरचं दुकान झालं होतं. ज्या शाळेची बस ती चालवायची ती शाळा पाडली होती.

"माझं घर घाल," अ‍ॅग्नेस नाक पुसत म्हणाली. बर्निसने घातलं.

"आणखी?" रोंडाने विचारलं. "मैत्रिणी, नेहमीचं जाणं-येणं?"

बर्निसचं पेन पाचव्या ओळीवर बराच वेळ थांबलं.

"नाही," ती म्हणाली.

मागाहून कोणी काही भरू नये असा नियम होता. रोंडाने पट्टी घेतली आणि उरलेल्या आठ ओळींवरून एक तिरकी रेघ ओढली. बर्निसने त्या रेघेखाली, सावकाश, पूर्ण नावाने सही केली.