पहिला कॉल

जळक्या मोटारींचं वायंडिंग भरून देणाऱ्या ताईनं दोन वर्षं पोटाला चिमटा काढून रेडिओवरून संदेश पाठवायचा ट्रान्समीटर जमवला होता. डबा बिस्किटांचा, मोर्सची की, म्हणजे टकटक करून संदेश पाठवायची पट्टी, हॅकसॉच्या तुटक्या पात्याची, अँटेना मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेची. विकत घेतला तो एकच भाग, संदेशाला ताकद देणारा मोठा ट्रान्झिस्टर. तो पुन्हा घ्यायची ऐपत नव्हती. हौशी रेडिओचं सरकारी लायसन्स आलं होतं. आज बरोबर चारला रेडिओच्या क्लासचे मास्तर दुसऱ्या गावात तिचा पहिला कॉल ऐकायला बसणार होते.

चारला दहा कमी असताना ती गच्चीवर गेली, तर धाकटा भाऊ अँटेना उतरवून गुंडाळत होता.

"भंगारवाला खाली थांबलाय," तो म्हणाला. "तांब्याला भाव आहे. तू काय, दुसरी लावशील."

"ठेव ती खाली."

"जा गं. मोठी आली रेडिओवाली."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तार ओढली, तर या दिवट्यानं तिला पाण्याच्या टाकीवर ढकललं. भुवई फुटली. मग मात्र तिनं मागचापुढचा विचार केला नाही. खिशातल्या पकडीनं त्याच्या मनगटावर असा घाव घातला की हाड वाजलं. त्यानं केस धरून तिचं डोकं आपटलं; तिनं त्याचा अंगठा दातांत धरला तो सोडलाच नाही. शेवटी तो खाली, तिचा गुडघा त्याच्या छातीवर, आणि पक्कड तोंडावर. दोन दात पडले. "सोड गं ताई," म्हणत तो रडायला लागला. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला?

चारला एक मिनिट उरलं होतं. तारेचं वेटोळं खांद्याला अडकवून ती धडाधड जिना उतरली, सेट चालू केला, डोळ्यातलं रक्त पुसलं आणि की दाबली.

अँटेना जोडल्याशिवाय की दाबली की लहरींना बाहेर जायला वाट नसते. सगळी ताकद उलटी फिरून ट्रान्झिस्टर जाळते. हे ताईनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. वेटोळं अजून तिच्या खांद्यावरच होतं.

डब्यातून धूर आला. हे भावानं नाही, आपणच केलं, हे तिला लगेच कळलं.

ऐकायचा जुना रेडिओ वेगळा होता, तो ठणठणीत होता. त्यावर मास्तर तिला सावकाश हाक मारत होते. थांबत होते, पुन्हा मारत होते. ताई की दाबतच राहिली.