बारावा हात

आज बोलायची पाळी माझी आहे, तेव्हा सगळ्यांनी जरा गप्प बसा. मी गोटा. हसू नका. दगड काय बोलणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्यासारखा एक शनिवार काढून दाखवावा. अकरा मुलांच्या हातांतून फिरायचं, अकरा जणांचा घाम अंगावर घ्यायचा आणि वर त्यांची मतंही ऐकून घ्यायची. मला तोंड नाही, पण म्हणून कानही नाहीत असं थोडंच आहे?

माझा जन्म नदीतला. किती वर्षं पाण्याखाली होतो ते विचारू नका, माझं मलाच आठवत नाही. पाण्याने घासून घासून मला गोल केलं. रंग करडा, पोटावर एक पांढरी रेघ. वाळूच्या ट्रकमधून शहरात आलो आणि एका बांधकामावर पडून राहिलो. तिथून मला एका बाइंडरने उचललं. पुस्तकं चिकटवली की ती सुकेपर्यंत त्यांच्यावर ठेवायला त्याला वजन हवं होतं. सात-आठ वर्षं मी पुस्तकांच्या छातीवर बसून काढली. आतलं एक अक्षर वाचलं नाही, पण सुकताना पुस्तक कसं कुरकुरतं ते मला पाठ आहे. एक दिवस दुरुस्त पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तो मला विसरला आणि गठ्ठ्याबरोबर मी वाचनालयात पोचलो.

तिथे बालविभागाच्या ग्रंथपाल होत्या. मुलं त्यांना नुसतं बाई म्हणायची. त्यांनी मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा बरा आहे. आता बघू कोण मधे बोलतं ते."

शनिवारी चार वाजता मुलं खालच्या खोलीत गालिच्यावर गोल करून बसायची आणि वाचलेल्या पुस्तकांबद्दल आपलं मत सांगायची. मी यायच्या आधी तिथे नुसता मासळीबाजार असायचा म्हणे. बाईंनी दोन नियम केले. ज्याच्या हातात गोटा, त्यानेच बोलायचं. आणि पुस्तकाचा शेवट कुणी सांगायचा नाही. हा दुसरा नियम वकिलामुळे आला. वकील म्हणजे नऊ वर्षांचा एक मुलगा. वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. त्याने एकदा एका रहस्यकथेतला चोर पहिल्याच वाक्यात सांगून टाकला आणि तीन पोरं रडली.

मतं मात्र ऐकण्यासारखी असायची. "या पुस्तकातल्या मुलांना कधी शू लागत नाही." "मुलांनी साहसाला निघायचं ठरवलं की आई-बाबा बरोबर त्याच दिवशी बाहेरगावी जातात." "लेखक मधेच उपदेश करायला लागला, तेव्हा मी चार पानं गाळली. काही बिघडलं नाही." बाई तोंडाला रुमाल लावून हसायच्या. मोठ्यांच्या सभेत इतकं खरं कुणी बोलत नसेल.

मी माणसं हातांवरून ओळखतो. वकिलाचा हात ओलसर. चष्मेवाल्या मुलीच्या बोटांना कायम शाई. आणि थोरलीच्या तळव्यावर आडवा व्रण, कर्कटक लागून झालेला. थोरली अकरा वर्षांची होती. तिची एक बहीण घरी होती, चार वर्षांची धाकटी, म्हणून मी हिला थोरली म्हणतो. तिची जागा खिडकीखाली. माझ्यावर बोटं घट्ट आवळून ती बोलायची, जणू सोडलं तर मी पळून जाईन.

तिचा जीव एका गोष्टीत अडकला होता. गोष्ट तीन भागांची. एक मुलगी टपाल पोचवायचं काम करते. तिच्याकडे एक पत्र येतं, पण त्यावर लिहिलेलं गाव कुठल्याच नकाशात नसतं. पहिल्या भागात ती निघते, दुसऱ्यात ती डोंगरात हरवते. तिसरा भाग तेव्हा छापून यायचा होता. थोरली दर शनिवारी विचारायची, "बाई, आला का?" बाई म्हणायच्या, "आला की पहिला तुलाच." त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहूनही ठेवलं.

मग थोरलीला ताप आला आणि दोन आठवड्यांत ती गेली. नवव्या दिवशी पुस्तकांचं पार्सल आलं. त्यात तिसरा भाग होता. बाईंनी ती चिठ्ठी पुस्तकात घातली, पुस्तक टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि कप्प्याला कुलूप लावलं. नंतर कितीतरी मुलांनी मागितलं. बाई म्हणायच्या, "ते बाहेर गेलंय."

पुढच्या शनिवारी दहाच मुलं आली. खिडकीखालची जागा सगळ्यांनी न सांगता रिकामी सोडली. मी वकिलाच्या हातातून निघालो, आणि मला एका हाताने घेतलं. कोरडा, पाण्याखालच्या दगडासारखा गार हात. थंडी म्हणजे काय हे मला शिकवायला नको, मी नदीतला आहे. पण त्या हाताने माझं अंग शहारलं. तळव्यावर आडवा व्रण होता.

वकिलाला वाटलं, गोटा पलीकडच्या मुलीने घेतला. मुलीला वाटलं, वकिलाने दिला. गोष्टीत बुडालेली पोरं कुठे बघतात? मी मात्र ऐकलं. "पत्र पोचलं का?" एवढंच. मग तिने मला पुढे दिलं.

चार वर्षं हे चाललं. मुलं आली, मोठी झाली, गेली. दहा असोत की अकरा, एक हात नेहमी जास्त. दर शनिवारी तोच प्रश्न, आणि उत्तर कुणी द्यायचं नाही असा त्या खोलीचा नियम. मला उत्तर माहीत असतं तर मी नियम मोडला असता, पण मला वाचता येत नाही. माझी चिडचिड व्हायची. आणि खरं सांगतो, भीतीही वाटायची.

पाचव्या वर्षी धाकटी आली. आता ती आठ वर्षांची होती. कुणी काही म्हणायच्या आत ती गेली आणि खिडकीखालच्या रिकाम्या जागेला चिकटून बसली. थोरलीने मला तिच्या हातात दिलं तेव्हा बाकीच्यांसारखी ती चुळबुळली नाही. उलट थोडी सरकली, शेजारच्याला नीट बसता यावं म्हणून सरकतो तशी.

पहिल्या दिवशी तिचा हात छान उबदार होता. महिन्याभरात तो कोमट झाला. थोरली मला द्यायची, पण सोडायची उशिरा. दोघींचे हात माझ्यावर एकत्र राहायचे, आणि दर आठवड्याला थोडे जास्त वेळ. थोरलीच्या मनात वाईट काही नव्हतं, ते मी शपथेवर सांगेन. बहिणीचा हात धरून तिला बरं वाटत होतं, इतकंच.

धाकटी पुस्तकांबद्दल म्हणायची, "छान आहे. शेवटचं प्रकरण वाचलं नाही." पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्या पुस्तकालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. वकील आता तेरा वर्षांचा झाला होता, पण खोड जुनीच. तो म्हणाला, "शेवट वाचला नाहीस तर मत कसलं देतेस?"

ती म्हणाली, "ताईला माहीत नाही, मग मला कशाला?"

मग तिची वाक्यंही अर्धवट राहायला लागली. "मला त्यातला घोडा आवडला, कारण तो..." आणि पुढे काही नाही. डोळे उघडे, तोंड किंचित उघडं. मुलं वाट बघायची. थोड्या वेळाने ती मला पुढे द्यायची. तोवर तिचा तळवा माझ्याहून गार झालेला असायचा.

एका गुरुवारी दुपारी तिची आई वाचनालयात आली. मी टेबलावरच होतो. बाईंनी खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"बाई, हिला वाचायला पाठवू की नको, तेच कळत नाही. सगळं अर्ध्यावर सोडते हो. जेवताना अर्ध्यावर थांबते. जिना चढते आणि शेवटच्या पायरीच्या आधी उभी राहते. डॉक्टर म्हणतात, काही नाही, वयाचं आहे."

"होतं असं कधी कधी," बाई म्हणाल्या.

"परवा झोपेत श्वास घेताना थांबली." आईचा आवाज अगदी सपाट होता. "मी हलवली तेव्हा पुढचा घेतला. बाई, माझी एक गेली आहे. ही जाऊ द्यायची नाही मला."

 बाईंची नजर खालच्या कप्प्याकडे गेली आणि तिथून लगेच उचलली गेली. त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण काहीतरी टोचलं होतं. "शनिवारी घेऊन या तिला," त्या म्हणाल्या. "तुम्हीही थांबा."

शनिवारी आई दाराशी स्टुलावर बसली. मी फिरत फिरत खिडकीपाशी आलो. थोरलीने मला घेतलं, धाकटीच्या हातात दिलं, आणि सोडलंच नाही.

धाकटी म्हणाली, "ताई विचारते, पत्र..."

आणि थांबली. वाक्य थांबलं आणि तिच्याबरोबर तिची छातीही थांबली. मी तिच्या बोटांतली नाडी ऐकत होतो. ती लांब लांब जायला लागली. एक ठोका. बराच वेळ काही नाही. मग एक ठोका. आई उठली, स्टूल पडलं. दगडाला देव आठवत नाही म्हणतात, मला आठवला.

बाई कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाकडे धावल्या. किल्ली सापडेना, तेव्हा कप्पा ओढून तोडला. पुस्तक घेऊन त्या गालिच्यावर बसल्या आणि त्यांनी आपला हात धाकटीच्या हातावर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला गोलात कधी हातात घेतलं नव्हतं. आता माझ्यावर तीन हात होते. तिसरा हात त्यांना जाणवला असावा, कारण त्या दचकल्या. हात मात्र काढला नाही.

"बाई, शेवट सांगायचा नाही," वकील म्हणाला. सवयच ती. "नियम तुमचाच आहे."

"नियम गेला खड्ड्यात," बाई म्हणाल्या आणि शेवटचं प्रकरण काढून भरभर वाचायला लागल्या. टपालवाली मुलगी डोंगर उतरते. खाली दिवे दिसतात. ती धावते, दार ठोठावते, पिशवीतून पत्र काढते. दार उघडतं. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारतं आणि ती जागी होते. ती आपल्याच बिछान्यात असते. ते सगळं स्वप्न असतं. संपलं.

 मी तर हबकलोच. चार वर्षं थांबवून ठेवलं त्या पोरीला, आणि शेवट काय, तर हा. गार हात माझ्यावर आवळत गेला. वाटलं, आता तडकतो मी.

धाकटीच्या छातीत एकदम हवा शिरली. ती बोलायला लागली आणि या वेळी वाक्यं पुरी होत होती.

"ताई म्हणते, हा काय शेवट झाला? तीन भाग त्या मुलीला पायपीट करायला लावली आणि मग झोपेतून उठवलं. लेखकाला कंटाळा आला असणार. पत्र द्यायला हवं होतं. दार उघडलं होतं ना? मग दोन ओळींचं तर काम होतं." ती क्षणभर ऐकत राहिली. "ताई म्हणते, उठली म्हणे. बरं आहे तिचं."

दाराशी आईने पदर तोंडात धरला.

मग गार हात सुटायला लागला. आधी करंगळी, मग एकेक बोट. मत देऊन झालं होतं तिचं. पाळी संपली की गोटा पुढे द्यायचा, हा नियम थोरलीने कधीच मोडला नव्हता. खिडकीखाली जागा होती, पण आता ती खरोखरच रिकामी होती. धाकटीचा तळवा हळूहळू तापत गेला. त्या दिवशी घरी जाऊन तिने ताटातलं सगळं संपवलं, असं आईने फोन करून सांगितलं. बाई रिसीव्हर ठेवून खूप वेळ रडल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मीही निवांत टेबलावर ऊन खात पडलो असतो. पण आमच्याकडे शेवट सांगतात, ही बातमी कुठे कुठे पोचली कोण जाणे. पुढच्या शनिवारी मुलं अकरा होती आणि हात चौदा. आता कधी कधी वीसही होतात. कुणाचं पुस्तक आजारपणात राहिलं, कुणाचं प्रवासात. धाकटीला ऐकू येतं. ती नाव सांगते, बाई पुस्तक काढतात आणि शेवटचं प्रकरण वाचतात. मग मत येतं. बहुतेकांना शेवट आवडत नाहीत. पण हात सुटतात. मी पार थिजून जातो, तरी माझी तक्रार नाही.

तक्रार एकाच हाताची आहे. लहान, सहा-सात वर्षांच्या मुलाचा असावा. तो गेल्या हिवाळ्यात आला. त्याने जे पुस्तक मागितलं, त्याचा पुढचा भाग लेखकाने अजून लिहिलेलाच नाही. बाईंनी लेखकाला तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. त्या हाताशेजारी बाई आता कुठल्याच मुलाला बसू देत नाहीत. स्वतः बसतात.

म्हणून आज मी तोंड उघडलं. लेखकमहाशय, तुम्ही जिथे कुठे असाल तिथे कृपा करून लिहायला बसा. चांगलं सुचत नसेल तर वाईट लिहा, स्वप्न होतं म्हणा, काहीही करा, पण शेवट करा. नावं ठेवायला आमच्याकडे पुष्कळ जण आहेत. बाईंचा उजवा हात हल्ली लवकर तापत नाही. काल एका मुलीला पुस्तक देताना त्या म्हणाल्या, "हे वाचून झालं की मला..." आणि थांबल्या. मुलगी हात पुढे करून उभी राहिली. तिला वाटलं, बाई काहीतरी आठवतायत.