घरचा कुकारा

रॉबर्टला जंगलातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्याने वेळेवर कबूल केलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं. गिरीज गावात त्याची दीड एकर केळीची वाडी. पाणी, खत, घड, पानं, एवढ्यात चव्वेचाळीस वर्षं गेलेली. पण ऐन वेळी जॉयसला इस्पितळात ड्यूटी लागली, चर्चच्या मुलांच्या शिबिराला सेलिनबरोबर कोण जाणार असा प्रश्न आला, आणि हा गडी "मी जातो की" म्हणून मोकळा झाला.

सेलिन ही जॉयसची मुलगी, अकरा वर्षांची. तिचे वडील, रुडॉल्फ, दीड वर्षापूर्वी गेले. जॉयसने रॉबर्टशी लग्न केलं त्याला आता तीन महिने होत आले होते, आणि ह्या तीन महिन्यांत सेलिनने रॉबर्टला एकदाही हाक मारली नव्हती. पोर उद्धट नव्हती हो. विचारलं तर उत्तर द्यायची, 'तुम्ही' म्हणायची, ताटं घेऊन झाली की आईला सांगायची, "मम्मी, त्यांना जेवायला बोलाव." पण हाक म्हणून नाही. अंकल म्हणावं तर तो आता घरातलाच होता, आणि दुसरा शब्द तिने एका माणसासाठी राखून ठेवलेला. रॉबर्टला हे सगळं समजत होतं. तरीही हा एवढा मोठा बाप्या संध्याकाळी वाडीतून आला की फाटकाशी उगाच खाकरायचा, पायांची माती दोनदोनदा धुवायचा, आतून कुणी 'आलात का' तरी म्हणेल म्हणून.

निघताना जॉयसने त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं. दोन वर्षांपूर्वी ह्याच शिबिरात सेलिनने आणि रुडॉल्फने डोंगरातून कुठल्याशा जनावराचा आवाज ऐकला होता. कसला ते दोघांनाही कळलं नाही. रुडॉल्फ म्हणाला, पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघू, तोवर कुणाला विचारायचं नाही आणि मोबाइलवरही शोधायचं नाही. पुढच्या वर्षी तो राहिलाच नाही. पोरीने अजून कुणाला विचारलं नव्हतं.

"ती त्या आवाजासाठी जातेय, रॉबर्ट," जॉयस म्हणाली. "तू काही करू नकोस. फक्त गप्प बस."

गप्प बसायला काय लागतं? असं रॉबर्टला वाटलं.

शिबिराची जागा गोखिवऱ्याच्या पुढे, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी. भात कापून मोकळी झालेली खाचरं, कडेला सुकत आलेला ओढा आणि त्याच्या वर जंगल. जमीन हरेश्वरची. साठी ओलांडलेला, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेला, बोलायला हौशी माणूस. जानेवारीचे दिवस होते. वीस पोरं, आठ तंबू आणि एकच कल्ला.

पाचच्या सुमारास रॉबर्ट डोंगराकडे पाठ करून तंबूची खुंटी दगडाने ठोकत होता. तेवढ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाने एक आवाज आला. घोगरा, तुटक, एकच. पोरं गप्प झाली. थोड्या वेळाने परत तसाच. घसा बसलेल्या माणसाने लांबून कुणाला तरी पुकारावं तसा.

आणि रॉबर्टने दगड टाकला, हात तोंडाशी नेला आणि जोरात उत्तर दिलं. "हू, हू, हूऽऽऽ!"

आता ह्यात त्याची चूक होती आणि नव्हतीही. केळीच्या वाडीत चार हातांवरचा माणूस दिसत नाही, म्हणून वाडीवाले एकमेकांना कुकारा घालतात. नाव घेऊन नाही. नावाचे रॉबर्ट गल्लीत चार निघतील. प्रत्येक घराचा कुकारा वेगळा, आणि तो आसपासच्या सगळ्या वाड्यांना पाठ. रॉबर्टच्या घरचा दोन आखूड, एक लांब, शेवटी वर चढवलेला. त्याची आई दुपारी डबा घेऊन कुंपणाशी उभी राहायची आणि कुकारा द्यायची. हात चिखलात असोत नाही तर झाडावर, लगेच उलट कुकारा द्यायचा, नाही तर आईचा जीव टांगणीला. आई जाऊन सहा वर्षं झाली. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल. सहा वर्षांत त्याला वाडीत कुणी कुकारा दिला नव्हता, पण हाताला आणि घशाला हे कोण सांगणार?

पोरं खो खो हसली. डोंगरातून मात्र परत आवाज आला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सेलिन ओढ्याच्या काठावर उभी होती ती वळून आली. हसत नव्हती.

"तुम्ही त्याला पळवलं," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "डॅडी असते तर गप्प बसले असते."

रॉबर्टला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. खरंच होतं ते.

हरेश्वर चुलीशी बसून बघत होता. "बाय, सांगू का काय हाय ते?"

"नको!" सेलिनने दोन्ही कान झाकले. हरेश्वरने हसून तोंडावर बोट ठेवलं.

जेवणं झाल्यावर रॉबर्टने पिशवीतून सुकेळी काढून तिच्यापुढे धरली. वाडीतल्या केळ्यांची, तिच्यासाठी मुद्दाम उन्हात सुकवलेली. तिने एक घेतली, थँक्यू म्हणाली आणि पाठ करून झोपायच्या पिशवीत शिरली.

"उद्या मी चकार शब्द काढणार नाही," तो तिच्या पाठीला म्हणाला. "शप्पथ."

"शप्पथ घेऊ नये. शाळेतल्या सिस्टर म्हणतात पाप लागतं."

"बरं. वचन."



उजाडता उजाडता त्याला जाग आली ती त्याच आवाजाने. शेजारी बघतो तर पिशवी रिकामी. बूट नाहीत. बाहेर सगळे तंबू झोपलेले, फक्त हरेश्वर चुलीवर चहाचं आधण ठेवत होता. त्याने पोरीला बघितलं नव्हतं. वर जंगलात ते जनावर आता थांबायचं नाव घेत नव्हतं. एकामागून एक, एकामागून एक.

"कालच्यावानी नाय ह्यो आवाज," हरेश्वर उभा राहिला. "असा धरून वरडतो म्हंजे त्याला कायतरी दिसलंय. मानूस, नायतर बिबट्या. तू हो पुढं, मी कोयता घेऊन आलोच."

रॉबर्ट ओढ्यातून वर धावला. मोठमोठे धोंडे, त्यावर दव, मधे कुठे गुडघाभर पाणी. शंभर पावलांवर तो थांबला. पोर दिसेना. हाक मारावी तर कालच्यासारखं होणार. दोन वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते दुसऱ्यांदा ह्याच्यामुळेच पळणार, आणि मग ती ह्याचं तोंडही बघणार नाही. वचन दिलं होतं, आणि तिला त्याने आजवर दिलेली ती एकच गोष्ट होती. आणि न मारावी तर? बिबट्या हा शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. वर ते जनावर ओरडतच होतं.

जाऊ दे, त्याने ठरवलं. आयुष्यभर रागावली तरी चालेल. रागवायला ती असली पाहिजे. त्याने हात तोंडाशी नेला.

तेवढ्यात वरून, धोंड्यांच्या पलीकडून, बारीक आवाज आला.

"हू, हू, हूऽऽऽ!"

दोन आखूड, एक लांब. शेवटी चढवताना फाटलेला. रॉबर्टच्या घरचा. काल संध्याकाळी तिने तो एकदाच ऐकला होता.

त्याने असं उत्तर दिलं की खाली झोपलेला अख्खा कॅम्प उठून बसला. जनावर गप्प झालं ते झालंच. परत कुकारा आला, परत त्याने दिला, आणि तो आवाज धरून धोंडे चढत गेला. एका वळणावर सेलिन खडकावर बसली होती. गुडघा फुटलेला, एक बूट दगडांच्या फटीत अडकलेला, तोंड रडून लाल. बिबट्या नव्हता. काहीच नव्हतं. त्याने आधी तिचं डोकं, हात, पाय चाचपून बघितले आणि मग तिच्या शेजारी बसला.

"मी बघितलं," ती हुंदके देत म्हणाली. "एवढंसं आहे! आपल्या वाडीशेजारच्या भागूबाईंच्या बकरीएवढं. तांबूस, डोक्याला छोटी छोटी शिंगं. हरणासारखं, पण भुंकतं! मला बघून भुंकत सुटलं. मी घाबरून पळाले नि पडले."

"अगं, मग हाक नाही का मारायची?"

ती गुडघ्याकडे बघत राहिली. "काय म्हणून मारू?"

रॉबर्ट रुमालाने तिचा गुडघा पुसू लागला. ती म्हणाली, "मला सुचलंच नाही. मग ते तुमचं केलं. चाललं ना?"

"चाललं," रॉबर्ट म्हणाला. त्याने फटीतला बूट ओढून काढला, त्यातलं पाणी ओतलं.

"आम्ही दोघं बघणार होतो," सेलिन म्हणाली. "डॅडींना राग आला असेल का? मी एकटीने बघितलं ते?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. रॉबर्टने नेली नाही. "बाळ, मी त्यांना एकदाच भेटलोय, पाव घ्यायच्या रांगेत. मला कसं ठाऊक असणार? पण कुणाला विचारायचं नाही, डोळ्यांनी बघायचं, असं ठरलं होतं ना तुमचं? तसंच केलंस तू."

तिने मान हलवली आणि मग मनसोक्त रडली. तो शेजारी बसून राहिला. रडू थांबल्यावर त्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि दोघं उतरू लागले. अर्ध्या वाटेत हरेश्वर कोयता घेऊन धापा टाकत भेटला. त्याने पोरीकडे बघितलं, कपाळावरचा घाम पुसला.

"बघितलंस? आता सांगू?"

"सांगा."

"भेकर."

"भेकर," सेलिन रॉबर्टच्या खांद्यावरून हळूच म्हणाली.

घरी आल्यावर गुडघ्याला पट्टी झाली, जॉयस दोघांनाही भरपूर रागावली, आणि सगळं पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं. ताटं घेतली की, "मम्मी, त्यांना बोलाव." रॉबर्टने मनाला समजावलं. जंगलात घाबरलेल्या पोरीने घातलेली साद ती. तिच्यावर काय हक्क सांगायचा?

पुढच्या शनिवारी दुपारी तो वाडीत केळीचे पिल, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, कोयत्याने काढत होता. कुंपणापलीकडे भागूबाई आपल्या वांग्यांना पाणी लावत होती. सत्तरीची म्हातारी, रॉबर्टच्या आईची मैत्रीण.

"हू, हू, हूऽऽऽ!"

भागूबाईच्या हातातलं फावडं थांबलं. "रॉबर्ट! आरं, तुझ्या घरचा कुकारा! सहा वर्सांनी ऐकला. कोन हाय रं?"

कोयता हातात तसाच धरून रॉबर्ट उभा होता. केळींच्या पानांतून काही दिसत नव्हतं, पण वाडीच्या फाटकाशी डब्याचं झाकण वाजलं.

"माझी मुलगी आहे," तो म्हणाला.

कुकारा परत आला. ह्या वेळी जरा रागाने, भूक लागलेल्या माणसाने द्यावा तसा.

"मग ओ दे की तिला आधी!" भागूबाई ओरडली. "रडतोस काय?"

त्याने दिला, पण तो अर्ध्यातच फाटला. मग त्याने कोयता खाली ठेवला, शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं आणि परत एकदा, नीट, अख्ख्या गिरीजला ऐकू जाईल असा दिला.